टँटलमची चकती

हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठले. पहिल्यांदा आईच्या सुक्या बोंबलांवर चार पानं भरली. दुसऱ्यांदा बोईसरच्या आमच्या चाळीतल्या नळावरची भांडणं आठवली, आणि तिसऱ्यांदा तर कॉलेजच्या मैत्रिणींची नावं आठवता आठवता दुपार गेली. लिहिणाऱ्या माणसाला टाळाटाळ फार सोयीची असते, तिला ओघ म्हणता येतं. वर्गात पोरं अशी करायला लागली की मी त्यांना उभं करत असे. आता स्वतःला उभं करायची वेळ आली आहे, तर सरळ सांगते. मी एका माणसाचं नाव खराब केलं. तो माझ्या वडिलांचा उजवा हात होता.

आम्ही मूळचे कराडकडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, तारापूरच्या एमआयडीसीत आले तेव्हा मी तिसरीत होते. त्यांचं काम विचारलं की मी शाळेत नुसतं ‘फिटर’ म्हणत असे, कारण खरं काम समजावून सांगायला वेळ लागे. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांत मोठमोठ्या लोखंडी टाक्या असतात, त्यांत आम्लं उकळतात. नुसतं लोखंड आम्लापुढे टिकत नाही, म्हणून टाकीला आतून निळ्या काचेचा थर दिलेला असतो. त्या काचेचा कुठे टवका उडाला, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी आम्ल आत शिरून लोखंड खात सुटतं. आण्णा वरच्या झाकणातून टाकीत उतरायचे. हातात विजेचा एक ब्रश असायचा, तो काचेवरून फिरवत न्यायचा. जिथे भोक असेल तिथे चट्ट करून ठिणगी उडायची. मग त्या जागी लोखंडाला आटे पाडायचे, त्यात टँटलमचा खुंटा पिळून बसवायचा आणि खुंट्याच्या डोक्यावरची रुपयापेक्षा मोठी चकती टेफ्लॉनच्या वायसरवर घट्ट टेकवून भोक बुजवायचं. एवढंच काम. पण ते नीट झालं नाही तर अख्खी टाकी भंगारात जाई.

टँटलमच का, तर त्याला आम्ल काही करत नाही. उकळत्या हायड्रोक्लोरिकमध्ये महिनोन्महिने ठेवा, आहे तसं बाहेर येतं. निळसर करड्या रंगाचा धातू, दिसायला मुळीच आकर्षक नाही. हातात घेतला की मात्र दचकायला होतं, इतका जड. त्याच मापाच्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त वजन भरतं. आणि इतका जड असून मऊ. ठोकून कागदासारखा पातळ करा, फाटत नाही. दुर्मिळ म्हणून महाग, त्यामुळे चकत्या आमच्याकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फळीखाली असत. आईने सणाला देवांबरोबर त्या डब्यालाही हळदकुंकू लावायला सुरुवात केली होती, आणि आण्णा त्यावर हसले तरी पुसायचे नाहीत. डबा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी पालघरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते आणि घरात इंग्रजी वाचता येणारी एकटी होते.

चकत्यांबरोबर एक छापील इंग्रजी कागद यायचा. तो मी ओट्यावर उभी राहून मोठ्यांदा वाचायची आणि मराठीत सांगायची, आण्णा आणि त्यांच्या हाताखालचा जानूकाका खाली बसून ऐकायचे. ‘वितळायला तीन हजार डिग्री लागतात,’ असं मी म्हटलं त्या दिवशी जानूकाका भाकरीचा घास हातातच धरून थांबला होता.

“मंजे लोखंड पाणी झाला तरी हा तसाच?” त्याने विचारलं.

“तसाच,” मी म्हणाले. “त्याला काहीसुद्धा होत नाही.”

हे शेवटचं वाक्य कागदात नव्हतं. ते माझं होतं.

जानूकाका वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. भाताचं एक लहानसं शेत, तेही पावसाच्या भरवशावर. आण्णांनी त्याला पाइप उचलायला म्हणून घेतलं होतं आणि वर्षभरात हातात पाना दिला, कारण ब्रशचा आवाज ऐकून भोक किती खोल आहे हे तो सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. खुंटा किती पिळायचा हेही त्याच्या मनगटाला कळायचं. कमी पिळला तर गळतो, जास्त पिळला तर सभोवतालची काच तडकते. आण्णा म्हणायचे, माझं मनगट चुकंल, जानूचं न्हाई. आमच्या घरी तो घरचाच होता. पावसाच्या तोंडावर रानातली शेवळं आणून द्यायचा. पहिल्या वर्षी आईने त्यात काकडं, म्हणजे शेवळांची खाज मारणारी आंबट फळं, घातली नाहीत, साधी भाजी म्हणून केली, आणि आम्हा सगळ्यांचे घसे संध्याकाळपर्यंत खाजत होते. जानूकाका दारात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. “वहिनी, काकडं खिशातच राहिली माज्या,” म्हणाला. आईनं त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी डबल वाढलं. याच आईला आधी सातपाटीच्या कोळणीची पाटी दाराशी टेकली तरी पदर नाकाला लागायचा. पुढे तीच आमटीत सुक्या कोळंबीचे सोडे घालून आण्णांना विचारायची, वास येतोय का हो? येत असायचा. आण्णा नाही म्हणायचे.

पुन्हा भाजीबोंबलांत रमायला लागले. असो.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेन. माझा आतेभाऊ विलास मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन नोकरी शोधायला आमच्याकडे येऊन राहिला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात दर वाक्याला एक इंग्रजी शब्द, आणि पंगतीत बसल्यावर आण्णांच्या कामाची टिंगल. समोर नाही, आण्णा उठून गेल्यावर. “तुझे वडील म्हणजे टाक्यांना ठिगळं लावतात,” असं तो एकदा म्हणाला आणि मला वर्मी लागलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा आणि जानूकाका कारखान्यात होते, आई गिरणीवर दळण घेऊन गेली होती. विलास खाटेवर पेपर वाचत पडला होता. मी डबा उघडला, एक चकती घेतली, चिमट्यात धरली आणि गॅसची शेगडी मोठी केली.

“इकडे ये,” मी म्हणाले. “तुझ्या आईच्या पाटल्या या आगीत धरल्या तर काय होईल?”

“वेडी आहेस का?”

“सोनं हजार डिग्रीला वितळतं. हे बघ माझ्या वडिलांचं ठिगळ.”

आज हा प्रसंग लिहिताना कानशिलं तापतात. माझी ती मान वर केलेली, तो चिमटा, ती वकिली. चकती आधी पिवळसर झाली, मग जांभळी, मग निळी, मोराच्या मानेसारखी. पुढे ती लाल झाली. विलास खरोखरच गप्प बसला होता. त्याचं गप्प बसणं मला इतकं गोड लागलं की मी चकती उतरवलीच नाही, आणखी धरून ठेवली, उलटसुलट केली. वितळली नाही. एक थेंबसुद्धा गळला नाही. मी जिंकले होते.

गार झाल्यावर तिच्यावर राखेसारखा पांढुरका थर दिसला. मी मोरीत बसून घासपेपरने तो घासला, पुसला, चकती पहिल्यासारखी करडी झाली. डब्यात ठेवून दिली. रात्री जेवताना मी एक भाकरी जास्त खाल्ली आणि विलासने आण्णांना आपण होऊन विचारलं, मामा, ते टाक्यांचं काम कसं असतं हो? आण्णा खुलले. अर्धा तास बोलत होते.

आठवड्याने विलासला पुण्याला काम मिळालं आणि तो गेला. त्यानंतर एका सकाळी आण्णा नि जानूकाका एका कारखान्यात निघायच्या तयारीत होते. जानूकाका ओट्यावर बसून चकत्या निवडत होता. त्याची एक सवय होती, प्रत्येक चकती नखाने वाजवून बघायची. एक वाजवली, पुन्हा वाजवली, मग अंगठ्याने तिची कड दाबून पाहिली.

“मिस्त्री, ही वेगळी वाटते. कडक हाय.”

आण्णांनी घेतली, उजेडात धरली. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडी विसळत होते.

“शाले, डब्याला कुनी हात लावलावता का गं?”

“नाही,” मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी हात पुसून बाहेर आले आणि दोघांना समजावलं, की टँटलम सगळं सारखंच असतं, त्याला ना आम्ल लागत ना आग, मग एक कडक आणि एक मऊ कसं असेल? “तुम्हाला भास होतोय, काका.”

“आता बग जानू,” आण्णा कौतुकाने म्हणाले, “कालिजात शिकलेली पोरगी सांगतीया. लाव बिनघोर.”

जानूकाका माझ्याकडे बघून हसला. त्याला माझ्या शिक्षणाचं आण्णांपेक्षा जास्त कौतुक होतं. त्याने ती चकती पिशवीत टाकली.

दीड-दोन महिन्यांनी त्या कारखान्यातून बोलावणं आलं. टाकीभोवती जे थंड पाणी फिरतं, ते तांबडं यायला लागलं होतं. आम्ल टाकीची भिंत खाऊन पलीकडे पोचलं होतं. माल वाया गेला, टाकी गेली. माणसांना इजा झाली नाही एवढंच. दोघं दुपारी परत आले तेव्हा आण्णांनी फडक्यात गुंडाळलेली चकती ओट्यावर ठेवली. मधोमध भेग होती, कडेपर्यंत गेलेली. जो धातू कागदासारखा पातळ केला तरी फाटत नाही, तो बिस्किटासारखा तडकला होता. मी दारात उभी होते आणि मला आतून कळलं, जसं परीक्षेत पेपर हातात आल्याबरोबर कळतं.

“जानू,” आण्णा फार हळू बोलले, “तू जास्त आवळलास व्हय?”

जानूकाका आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होता. “आवळला असल, मिस्त्री. माज्या हाताला कळला नाय.”

“आजवर कदी न्हाई तुज्या हातनं…”

“आता झाला ना.”

मी आत गेले. डब्याच्या तळाशी तो छापील कागद घडी करून ठेवलेला होता, तो काढला. आजवर मी त्याची एकच बाजू वाचली होती, कारण ऐकवायला भारी असं सगळं तिथेच होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना होत्या. त्यांतली एक अशी होती, की हा धातू उघड्या हवेत काही शे डिग्रींच्या वर तापवू नये. तो हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. तीन हजार डिग्रीला वितळणारा धातू आमच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर मरतो. त्याला तापवायचं तर निर्वात पोकळीत किंवा अरगॉन वायूत. मला प्रत्येक शब्दाचा अर्थ लागत होता. बाहेर जानूकाका आईकडे पाणी मागत होता. दोन पावलं टाकून बाहेर जायचं होतं आणि कागद आण्णांच्या हातात द्यायचा होता. मी तो शेगडीवर धरून जाळला.

भीती होतीच. आण्णा कॉलेज सोडायला लावतील, कराडला पाठवून लग्न लावून देतील, असं मी मनाला सांगितलं. पण ते कारण मी नंतर शोधलं, हे मला ठाऊक आहे. आण्णांनी कधी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. मला त्यांच्या डोळ्यांतलं ते ‘कालिजात शिकलेली पोरगी’ गमवायचं नव्हतं, बास. एवढ्या स्वस्तात मी माणूस विकला.

आणि याच्याहून वाईट अजून सांगायचं आहे. कारखान्याने लेखी खुलासा मागितला. इंग्रजीत. आण्णा माझ्याजवळ वही घेऊन बसले. सांगताना ते अडखळत होते, जानूवर फार येऊ नये असं काहीतरी लिही म्हणत होते. मी कॉलेजातली चांगली इंग्रजी वापरली. धातूत काही दोष नव्हता, बसवणाऱ्या कामगाराने प्रमाणाबाहेर जोर लावल्यामुळे चकती तडकली, असं स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्याखाली जानूकाकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आण्णांनी विचारलं, जास्त कडक नाही ना झालं? मी म्हटलं, अशीच भाषा असते आण्णा. त्यांनी सही केली.

त्या पत्रावर जानूकाकाचा गेटपास बंद झाला. कारखाने एकमेकांना विचारतात, त्यामुळे हळूहळू बाकीचेही बंद झाले. एका गेटवर आण्णा वॉचमनशी भांडले. तो म्हणाला, “मिस्त्रीजी, आप जाओ, इसका नाम ऊपर से कटा है.” जानूकाका आण्णांचा हात धरून म्हणाला, “जाव द्या मिस्त्री, तुमचा काम खोळंबल.” थोडे दिवस तो आमच्या दारात बसून हत्यारं साफ करत राहिला. मग यायचा बंद झाला. दिवाळीनंतर कळलं, बायकोपोराला घेऊन वीटभट्टीवर गेला, भिवंडीकडे. पुढे दरवर्षी जायला लागला. जो माणूस नखाने धातू ओळखायचा तो चिखल तुडवायला गेला. आण्णांनी नंतर दोन माणसं ठेवली, एकही टिकलं नाही. शेवळांच्या दिवसांत आई बाजारातून आणायची, काकडंही आणायची. कुणी जानूकाकाचं नाव काढलं की मी उठून जात असे, आणि घरच्यांना वाटायचं मला त्याचं वाईट वाटतं.

मी एम. एस्सी. झाले, पालघरलाच शिकवायला लागले, तिथेच निवृत्त झाले. टँटलमचा विषय निघाला की मी तो दोन ओळींत उरकत असे. पोरं विचारायची, मॅडम, हा धातू मोबाइलमध्ये असतो ना? असतो, मी म्हणायची, कपॅसिटरमध्ये, कणभर. माणसाच्या हाडातही बसवतात, शरीर त्याला परकं मानत नाही. पुढचा धातू घ्या. एखाद्या हुशार मुलीनं फळ्यावरचा वितळणबिंदू बघून ‘बापरे’ म्हटलं की माझ्या हातातला खडू थांबायचा.

आण्णा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी तीन दिवस होते. शुद्धीवर होते, बोलत होते. तीन दिवस पुष्कळ होतात.

त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे मागच्या थंडीत, मी वाणगावला उतरून रिक्षा केली आणि पाडा विचारत विचारत गेले. जानूकाका अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होता. वाळलेला, पण ताठ. मला त्याने लगेच ओळखलं. “शालनबाय,” म्हणाला, आणि आत हाक मारली, “काशी, मिस्त्रीची पोर आलेय, च्या टाक.” खाट टाकली, स्वतः जमिनीवर बसला. मी खाली बसायला गेले तर बसू देईना. आण्णांचं कळलं होतं का, मी विचारलं.

“तवाच कळला. आलो नाय मी.” तो शेंगा चाळवत राहिला. “लोक म्हनतील, याच्यामुळं मिस्त्रीला खाली बघाया लागला, नि आता तोंड दाखवाया आला. माजा हातच जड, बाय. आता पंपाचा नट असला तरी मी पोराला आवळाया सांगतो. मी पाना धरीत नाय.”

मग मी सांगितलं. चकती, शेगडी, विलास, कागद, पत्र. काही गाळलं नाही, निदान गाळू नये असा प्रयत्न केला. रडू येत होतं, ते मी आवरलं, कारण रडले असते तर त्याने मला पाणी आणून दिलं असतं. तो ऐकताना मान खाली घालून बसला होता. मग त्याने उजवा हात वर करून पाहिला, पालथा, सुलटा, आणि मांडीवर ठेवला.

“कडक हाय, मी बोललो होतो,” तो म्हणाला.

“हो. बोलला होतात.”

“हा मिस्त्रीला सांगाया होता, बाय. मी काय करू आता याचा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मी सांगणार नाही, कारण तो होता. थोडा होता, थकलेला होता, आणि मला तो ऐकू आला. मी आले होते ते मोकळं व्हायला, त्याच्यासाठी नाही, हे मला तिथे त्या खाटेवर बसून समजलं.

काशीकाकी चहा घेऊन बाहेर आली. भट्टीवर वाकून वाकून तिची पाठ सरळ होत नव्हती. माझ्या हातात कप देऊन तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काय झाला? काय सांगत होती बाय?”

जानूकाका माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बोलायची तो वाट बघत होता, हे मला आज पक्कं वाटतं. मग त्याने नजर काढून घेतली.

“काय नाय,” तो म्हणाला. “बापाची आठवण काढीत होती.”

काशीकाकी माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमचा बाप देव माणूस,” ती म्हणाली. “यांच्या हातून एवढी चूक झाली, पन एक वाकडा शब्द नाय बोलला.”

मी चहा प्यायले. चांगला झालाय, म्हणाले.